'आयएसओ शंभरवरच ठेवा' हा सल्ला मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेताना काय बघावं, यावर लेख आला होता. मराठी दैनिकात कॅमेऱ्यावर पानभर मजकूर येतो याचा आनंद आहेच. पण त्यातल्या दोन वाक्यांमुळे सध्या माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण एकच शंका घेऊन येतो, म्हणून हे पत्र. आयएसओ म्हणजे कमी प्रकाशातही फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात लावायचा आकडा. पहिलं वाक्य असं की, ज्याचा कमाल आयएसओ जास्त तो कॅमेरा सरस. दुसरं असं की, कॅमेरा घेतल्यावर आयएसओ शक्यतो १००वरच ठेवावा, नाहीतर फोटोत दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, येतात. म्हणजे २५६०० या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचे आणि घरी आल्यावर तो आकडा तिजोरीत ठेवून द्यायचा! ही दोन वाक्यं एका पानावर शेजारी शेजारी छापताना कोणालाच काही खटकलं नाही, याचं नवल वाटलं.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवते. वडिलांनी रोलच्या काळात सुरू केलेला, आता माझ्याकडे आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, करिझ्मा अल्बम, शाळांची गॅदरिंगं, असं आमचं काम. कॅमेरे मी विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या म्हणण्यात माझा काही फायदा नाही. तरी निकाल लागले की पालक येतातच. "ताई, पोराला कॅमेरा कबूल केलाय. सहा हजार आयएसओवाला घेऊ की पंचवीस हजारवाला?" मोटरसायकलचा ॲव्हरेज विचारावा तसं विचारतात. त्यांची चूक नाही, दुकानदाराने खोक्यावरचा तेवढाच आकडा बोट ठेवून दाखवलेला असतो.

२२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं आणि वडिलांची बरीच यंत्रं गाळात गेली. माळ्यावरची रोलची रिकामी खोकी मात्र राहिली. आयएसओ समजावताना मी तीच खाली काढते. पूर्व जर्मनीहून येणाऱ्या ऑर्वोच्या खोक्यावर 'एनपी २२' आहे. त्यातला २२ हा जर्मन डीआयएन मापातला आकडा, अमेरिकी एएसए मापात तो १२५ होतो. कोडॅकच्या नंतरच्या खोक्यावर दोन्ही एकत्र छापलेत, १००/२१°. या दोन मापांची १९७४ साली एकच आंतरराष्ट्रीय पद्धत झाली, तीच आयएसओ. आकडा दुप्पट झाला की निम्म्या प्रकाशात काम भागतं, एवढंच त्यातलं गणित. उन्हातल्या मिरवणुकीला वडील १००चा रोल घालत, मांडवातल्या लग्नाला ४००चा. एकदा घातला की ३६ फोटो संपेपर्यंत सुटका नाही. डिजिटलमध्ये दर फोटोला आकडा बदलता येतो, ही केवढी सोय झाली! आणि ती मिळाल्यावर आपण पोरांना सांगतो, कायमचा १००चाच रोल घालून ठेव.

दाण्यांची भीती खरी आहे, पण तिचं खापर चुकीच्या डोक्यावर फुटतं. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरवर, म्हणजे रोलच्या जागी बसलेल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, जास्त प्रकाश पडत नाही. पडला तेवढ्याच प्रकाशाचा सिग्नल कॅमेरा आतून वाढवून घेतो. मांडवात वक्ता हळू बोलायला लागला की साऊंडवाला आवाज वाढवतो, मग बोलणंही मोठं होतं आणि मागची घरघरही. ती घरघर साऊंडवाल्याने आणलेली नसते, वक्ताच माइकपासून लांब उभा असतो. फोटोतल्या दाण्यांचं मूळही बहुतांशी प्रकाशाच्या तुटवड्यातच असतं. चौपट प्रकाश आत घेतला तर चित्राच्या मानाने दाणे निम्म्यावर येतात. तेव्हा विचार करायचा तो प्रकाश आत कसा येईल याचा, आणि तो येतो भिंगातून.

आमच्याकडचं उदाहरण देते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावर, येते, रूपं (देवाचे मुखवटे) लागतात, आणि रात्री पालखी नाचवली जाते. ढोल-ताशे, सनई, खांद्यावरून डोक्यावर जाणारी पालखी, खाली गुलालाने माखलेले चेहरे. मुंबईकर चाकरमानी पोरं नवे कॅमेरे घेऊन याच रात्रीसाठी येतात. उजेड कसला, तर आंब्याच्या फांदीला बांधलेले दोन फोकस आणि देवळाच्या पडवीतल्या ट्युबा. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स १८-५५ मिलिमीटरची, म्हणजे चेहरा जवळ घ्यायला ५५पर्यंत झूम केलं की ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं तोंड, एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). अशा उजेडात आयएसओ १००वर शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, साधारण अर्धा सेकंद उघडं राहावं लागतं. अर्ध्या सेकंदात पालखी या टोकाकडून त्या टोकाकडे जाते! फोटोत येतो तो एक तांबडा-पिवळा फराटा. देव नाही, मानकरी नाही, काही नाही.

आता आयएसओ २०० केला की शटर १/४ सेकंद, ४००ला १/८, ८००ला १/१५, १६००ला १/३०, ३२००ला १/६० आणि ६४००ला १/१२५. १/१२५ला नाचणारा माणूस बऱ्यापैकी थांबतो. उडी वर गेल्यावर, म्हणजे खाली येण्याआधीच्या क्षणाला बटण दाबलं तर चांगलाच थांबतो. दाणे येतात, येऊ द्यावेत. दाणेदार फोटोत आजोबांच्या कपाळावरचा घाम दिसतो. हललेल्या फोटोत आजोबा कोण आणि पालखीचा दांडा कोणता, हेच कळत नाही. दाणे संगणकावर कमी करता येतात. एवढा हललेला फोटो सरळ करणारं औषध अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

तेच ठिकाण, तोच उजेड, तोच कॅमेरा. फक्त ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावा. ती एफ ५.६च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. १/१२५ शटर ठेवून आयएसओ ६४००चा थेट ६४०वर येतो. दहापट फरक, आणि तो कॅमेऱ्याच्या बॉडीतून नाही, तुलनेने स्वस्त अशा एका छोट्या लेन्समधून आला. तेवढेही पैसे नसतील तर फुकटचा उपाय आहे. झूम करू नका, १८वर ठेवा आणि गर्दीत घुसून चार पावलं पुढे जा. १८ला हीच लेन्स एफ ३.५पर्यंत उघडते, त्यामुळे ६४००चं काम २५००वर होतं. गुलाल अंगावर येईल, तेवढं सोसावं. मात्र तिथे लेन्स बदलायला जाऊ नका. गुलाल आत गेला की सेन्सर साफ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, फ्लॅश का नको? निकॉनच्या डी३५०० या शिकाऊ कॅमेऱ्यावर जो छोटा फ्लॅश उघडतो त्याची ताकद, कंपनीच्या माहितीपत्रकात गाईड नंबर म्हणतात तो, आयएसओ १००ला ७ आहे. सातला लेन्सच्या ५.६ या एफ आकड्याने भागा. सव्वा मीटर! आयएसओ १०० ठेवून मारलेला फ्लॅश जेमतेम पुढच्या माणसाच्या पाठीपर्यंत जातो. आयएसओ १६०० केला तर तोच फ्लॅश पाच मीटर जातो. म्हणजे फ्लॅश वापरायचा म्हटलं तरी आयएसओपासून सुटका नाही. शिवाय रूपं चांदीची असतात. फ्लॅश थेट पडला की देवाच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका उरतो, आणि मानकऱ्यांचे डोळे दिपतात ते वेगळंच. वेळासला कासव महोत्सवात तर फ्लॅशला बंदीच आहे आणि ती योग्यच आहे. तिथे पिल्लं उजाडताना किंवा सूर्य कलल्यावर समुद्रात सोडतात. कोवळा उजेड, ओली वाळू आणि बोटभर लांबीचं, सारखं हलणारं पिल्लू. १००वर अडून बसलेल्याने तिथे कॅमेरा बॅगेतून न काढलेला बरा.

दाणे मोजायची पद्धतही जरा तपासून बघावी. पोरं फोटो संगणकावर पूर्ण मोठा करतात आणि नाकावरचे दाणे बघून हळहळतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला ३६०० बाय २४०० पुरतात. छापताना फोटो आकसतो आणि त्याबरोबर दाणेही बुजतात. आयएसओ ३२००चे फोटो मी अल्बममध्ये लावत आले आहे. नवरीच्या आईने कधी दाण्यांची तक्रार केलेली नाही. तिची तक्रार मामांचा फोटो एकच का, ही असते.

लेखातल्या सल्ल्याचा सगळ्यात वाईट परिणाम वेगळाच आहे. '१००वर ठेवा' ऐकलेला मुलगा रात्री १००वर ठेवतो, हललेले फोटो नकोत म्हणून शटरही वाढवतो, आणि मग काळाकुट्ट आलेला फोटो घरी येऊन मोबाईलमधल्या ॲपवर उजळत बसतो. जेपेगमध्ये (आकसून साठवलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये) काढलेला असला तर काळोखातून असं काही ओढून काढताना दाणे तर येतातच, वर रंगांचे चट्टे उठतात. तोच फोटो जागेवर ३२००ला काढला असता तर कितीतरी स्वच्छ आला असता. दाण्यांना घाबरून दुप्पट दाणे पदरात घेणारी मुलं मी बघते आणि दर वेळी जीव चडफडतो.

१०० कुठे लावायचा? भरपूर उजेडात, किंवा कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) पक्का बसवलेला असेल आणि समोरची वस्तू हलत नसेल तेव्हा. वाशिष्ठीवरचं धुकं, परशुरामचं देऊळ, दागिन्यांचे फोटो. तिथे खुशाल १००.

आता खरेदीबद्दल. एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती आली नाही. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेलंय. दोघांचे सगळ्यात वरच्या श्रेणीतले डीएसएलआर शेवटचे आले ते २०२० साली, कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६. म्हणून डीएसएलआर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. उलट शिकणाऱ्यासाठी हा बरा काळ आहे, कारण लोक मिररलेसवर जाताना चांगल्या लेन्स आणि बॉडी विकायला काढतात. निकॉन डी३५००, डी५६००, कॅनन १५००डी, २००डी मार्क टू, यांतलं काहीही सुस्थितीत मिळालं तर पहिली तीन-चार वर्षं रडायचं कारण नाही. यांत १५००डीचा आयएसओ ६४००पर्यंत, वाढवून १२८००. निकॉनच्या दोन्हींचा २५६००. कागदावर चौपट फरक! पण सेन्सरचा आकार जवळजवळ एकच, त्यामुळे ३२००ला काढलेले फोटो शेजारी ठेवले तर फरक दिसेल तो थोडा, चौपट नव्हे. शेवटचे एक-दोन आकडे गाडीच्या स्पीडोमीटरवरच्या शेवटच्या आकड्यांइतकेच उपयोगाचे असतात.

सोबत 'फुकट' मिळणारी बॅग, फिल्टर, हलकं तिकाटणं आणि दुसरी लांब झूम, यांनाही भुलू नये. ७०-३०० लेन्स उन्हात धनेश टिपायला ठीक आहे, जंगलाच्या सावलीत तिला एफ ६.३वर अंधारी येते. पक्ष्यांचं वेड आधीपासून असेल तरच घ्या. नाहीतर ते पैसे एका उजळ लेन्समध्ये घाला.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी कोणीतरी पडतं. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ १.८ 'डी' लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेतली तर ती बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. हाताने रिंग फिरवत बसावं लागतं, आणि नाचत्या पालखीवर ते नवशिक्याला जमत नाही. नावात 'एएफ-एस' असलेली 'जी' लेन्स मागून घ्या. कॅननला ही भानगड नाही, तिथे ५० एफ १.८ एसटीएम निर्धास्त घ्यावी. दुसरं असं की, या कॅमेऱ्यांचा सेन्सर रोलच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ५०ची लेन्स ७५-८०सारखी वागते. अंगणात उत्तम, पण आमच्या कोकणी घराच्या माजघरात बारशाचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी पाळणा अर्धाच येतो. घरातलेच फोटो जास्त काढायचे असतील तर निकॉनला ३५ एफ १.८, कॅननला २४ एफ २.८ बघावी.

जुना कॅमेरा घेताना आपलं कार्ड सोबत न्या. पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा एक फोटो एफ १६ला काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसेल. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. डी३५००चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा सापडतो, कॅननच्या या छोट्या मॉडेलांत सहसा नाही. आणि लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघाच बघा. आमच्या दमट हवेत दोन पावसाळे कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. आपल्याकडची लेन्सही चामड्याच्या केसमध्ये घालून लोखंडी कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.

कॅमेरा घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक काम करावं. निकॉनच्या मेनूत ऑटो आयएसओ चालू करून कमाल ६४०० आणि किमान शटर १/१२५ घालावं. १५००डीमध्ये कमाल मर्यादा तेवढी घालता येते, म्हणून तिथे डायल 'टीव्ही' (Tv, शटर आपण ठरवायचं) या खुणेवर नेऊन शटर स्वतः १/१२५ धरावं. एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर १/१०० करावं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यांच्याशी ते जुळतं. आणि रात्री भोवताली काळोख असला की कॅमेरा फसतो, चेहरे पांढरेफटक करतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे १ करावं. एवढं लावून दिलं की मूल आकड्यांचा विचार सोडून समोर बघायला लागतं.

आता आपल्याकडे एक मागणी. पुरवणीत दर आठवड्याला 'वाचकांचे फोटो' छापता. त्या प्रत्येक फोटोखाली लेन्स, ॲपर्चर, शटर आणि आयएसओ हे चार आकडे बारीक अक्षरात छापाल का? जागा एका ओळीची लागेल. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच असते, वेगळी विचारावी लागत नाही. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते, तेव्हा वाचकांना मूळ फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं लागेल.

आपली,
एक स्टुडिओचालक, चिपळूण